१९ अंशांवरचा शाफ्ट

घरी दुर्बीण बांधणाऱ्यांचा सगळा जीव आरशात अडकलेला असतो. माउंट, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणारा सांगाडा, शेवटाला ठेवतात, आणि मग गुरू दिसतो खरा, पण प्रतिमा स्पष्ट करायच्या फोकसरला हात लावला की थरथरत राहतो. ठाण्यात या कामाला आणखी एक पेच आहे. तो कळायला थोडं मागे जावं लागतं.

विषुववृत्तीय माउंट म्हणजे एकाच अक्षाभोवती फिरून ताऱ्यांच्या सरकण्याबरोबर राहणारं माउंट. त्याचा आजचा सर्वांत रुळलेला आराखडा योसेफ फ्राउनहोफरचा. त्याची ९ इंची दुर्बीण १८२४ साली दोर्पातला, म्हणजे आताच्या एस्टोनियातल्या तार्तूला, पोचली. ध्रुवाकडे रोखलेला एक शाफ्ट (ध्रुवाक्ष), त्याच्या टोकावर काटकोनात दुसरा, त्याच्या एका बाजूला नळी आणि दुसऱ्या बाजूला तोलाचं वजन. हौशी लोकांच्या हाती हे यायला पुढे शतक गेलं. व्हरमाँटमधल्या स्प्रिंगफील्डला १९२० साली रसेल पोर्टरने गावकऱ्यांना आरसा घासायला शिकवलं. गाव मशीन टूल बनवणाऱ्यांचं, त्यामुळे शाफ्ट-बेअरिंग त्यांच्या हातचा मळ. १९२५ पासून 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये याबद्दल छापून येऊ लागलं आणि घरोघर नळाच्या फिटिंगची माउंटं उभी राहिली. नळाचे आटे हेच बेअरिंग!

पण ही गावं कुठली? दोर्पात ५८ अंशांवर, स्प्रिंगफील्ड ४३ वर. ध्रुवाक्ष जमिनीशी स्थानिक अक्षांशाइतका कोन करतो. दोर्पातला शाफ्ट उभट असल्याने वजनाचा ८५ टक्के घटक शाफ्टच्या लांबीत उतरतो. ठाणं १९ अंशांवर. इथे शाफ्ट जवळजवळ आडवा, लांबीत जेमतेम ३३ टक्के, आणि ९४ टक्के आडवा येऊन शाफ्ट वाकवायला बघतो. वजन पुढच्या बेअरिंगच्याही पुढे लोंबतं. हे लोंबतं अंतर दोन बेअरिंगांमधल्या अंतराच्या निम्मं असेल, तर पुढच्या बेअरिंगवर त्या आडव्या भाराच्या दीडपट भार येतो आणि मागचं बेअरिंग वर उचललं जातं. म्हणून परदेशी आराखडा मापासकट उचलू नये, असं मी आग्रहाने सांगेन.

शाफ्ट तुटण्याची भीती नसते, वाकण्याची असते. व्यास दुप्पट केला की ताठपणा १६ पट. लोंबती लांबी दुप्पट झाली की झुकणं ८ पट. त्यामुळे २० मिमीऐवजी ४० मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत, नेमक्या मापाचा पोलादी गज) घ्यावा आणि पुढचं लोंबतं अंतर जमेल तितकं आखडावं.

१९६०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉन डॉब्सनने शाफ्टच काढून टाकला; प्लायवूडची पेटी सरकत्या गाद्यांवर फिरवली. आज तिथे टेफ्लॉन आणि सनमायका वापरतात. नुसतं बघायला ते उत्तम, पण लांब एक्स्पोजरच्या फोटोला ध्रुवाक्ष हवाच.

ध्रुवाक्ष दिवसात एकच फेरा घेतो, तेव्हा बेअरिंगच्या वेगाची चिंता नको. चिंता प्लेची. ६२०५ क्रमांकाच्या साध्या बॉल बेअरिंगमध्ये नवं असतानाही २० मायक्रॉनपर्यंत ढिलाई असू शकते. अशी दोन १५० मिमी अंतरावर बसवली, तर शाफ्ट सुमारे २७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) डुलू शकतो. गुरूचं बिंब ४० विकलांच्या आसपास असतं. त्यापेक्षा गाड्यांच्या चाकात असते तशी टेपर रोलर (निमुळत्या रुळांच्या) बेअरिंगची जोडी समोरासमोर लावावी. वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या टर्नरकडून दोन्ही हाऊसिंग, म्हणजे बेअरिंग बसायच्या जागा, काम मशीनवरून न सोडता एकाच सेटिंगमध्ये बोअर करून घ्यावीत, म्हणजे ती एका रेषेत येतात. मग मागचा नट प्ले जाईपर्यंत आवळायचा, शाफ्ट हाताने जड पण न अडखळता फिरतो ना ते पाहायचं, आणि तो नट सुटू नये म्हणून त्यावर चेकनट लावायचा.