गणितवर्गातील गटचर्चा

गणिताच्या तासाला विद्यार्थ्यांनी तीन-चार जणांच्या गटात एखादे उदाहरण सोडवणे, आपली रीत एकमेकांना पटवून देणे आणि मग ती साऱ्या वर्गापुढे मांडणे, या अध्यापनपद्धतीला गटचर्चा म्हणतात. शिक्षकाने फळ्यावर एक उदाहरण सोडवायचे आणि मुलांनी तशीच दहा वहीत करायची, या रुळलेल्या पद्धतीहून ती वेगळी आहे. उत्तर आले तरी ‘कशावरून?’ हा प्रश्न इथे उरतोच.

पाचवी-सहावीच्या वर्गात ‘तीन छेद चार मोठा की चार छेद पाच?’ असे विचारले, की ‘दोन्ही सारखेच’ असे म्हणणारी मुले भेटतात. त्यांच्यापाशी कारणही असते: दोन्हींत एकेकच तुकडा कमी आहे. शिक्षकाने लगेच समच्छेद करून दाखवला, तर रीत कळते, पण मनातला समज जागच्या जागी राहतो. तेच उत्तर गटापुढे ठेवले, तर भाकरीचे चित्र काढून वाद घालता येतो. एका भाकरीचे चार भाग केले, तेवढ्याच दुसरीचे पाच. पहिलीत कमी पडली ती चतकोर, दुसरीत पाचवा वाटा. चतकोर मोठी, म्हणून पहिलीत जास्त कमी पडले आणि चार छेद पाच मोठा ठरला. ‘एक तुकडा कमी’ हा चुकीच्या उत्तरातलाच धागा बरोबर उत्तरापर्यंत घेऊन गेला. आपला विचार निम्मा तरी बरोबर होता, हे चुकलेल्या मुलाला उमगते, आणि गटचर्चेचे खरे मोल तिथेच आहे.

जपानच्या प्राथमिक शाळांत या पद्धतीला पक्की घडण लाभली आहे. अनेकदा पूर्ण तास एकाच उदाहरणाला दिला जातो. मुले आधी एकेकटी विचार करतात; शिक्षक बाकांमधून फिरत कोणी कोणती रीत वापरली ते टिपतो आणि कोणती रीत कोणत्या क्रमाने फळ्यावर यावी हे ठरवतो. त्यानंतरच्या सामूहिक चर्चेला ‘नेरिआगे’ म्हणतात. हा शब्द मळण्या-तिंबण्याच्या क्रियेवरून आला आहे.

अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात यूरी ट्राइसमन यांनी १९७०च्या दशकात कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. ते मेहनतीत कमी नव्हते, पण एकेकटे अभ्यास करत. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत. ट्राइसमन यांनी मग कार्यशाळा सुरू केल्या आणि त्यांत उजळणीऐवजी अवघड उदाहरणे गटात सोडवायला दिली. त्यांत भाग घेतलेल्यांचे निकाल लक्षणीय सुधारले. ‘कच्च्या’ मुलांना सोपेच द्यावे, ही आपल्याकडची सवय या अनुभवापुढे टिकत नाही.

मुलांना नुसते गोलात बसवून चर्चा होत नाही. गटातला एक हुशार मुलगा उदाहरण सोडवतो आणि बाकीचे उतरवून घेतात, हे वर्गात नेहमी दिसते. उदाहरण एकाच रीतीने सुटणारे असेल, तर बोलण्यासारखे काही उरतही नाही. म्हणून उदाहरणाची निवड महत्त्वाची. गटाला एकच कागद देणे, मांडणी कोण करणार हे आयत्या वेळी ठरवणे असे उपाय शिक्षक करतात. सर्वांत अवघड काम असते गप्प राहण्याचे. अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांच्या अभ्यासांत प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे १ सेकंदच थांबतात असे दिसले. ३ सेकंद किंवा अधिक थांबल्यावर मुलांची उत्तरे लांबली आणि त्यांत कारणे येऊ लागली.

भारतात राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने विचारांचे गणितीकरण, म्हणजे मुलांनी गणिती रीतीने विचार करायला शिकणे, हे गणितशिक्षणाचे मुख्य ध्येय मानले. महाराष्ट्रात ‘ज्ञानरचनावाद’ (मूल आपले ज्ञान स्वतः रचते, हा विचार) या नावाने गटकाम जिल्हा परिषदेच्या शाळांत पोहोचले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या (एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांच्या गटाच्या) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जात. मराठी माध्यमाच्या वर्गात भाषेचा प्रश्नही येतो. पुस्तकात ‘समच्छेद’ असतो, तर गटात मुले ‘खालचा आकडा सारखा कर’ असे म्हणतात. ते बोलणे अडवू नये. मुलांच्या तोंडी कल्पना नीट बसली, की शिक्षकाने फळ्यावर तिच्याशेजारी ‘समच्छेद’ लिहावे.