ग्राफीन मागवताय? लेयर किती ते विचारा, पण रचलेत कसे तेही विचारा

फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "सिंगल लेयर आहे का?" आहे, पण खरं सांगू का, बऱ्याच जणांच्या कामाला ते लागतच नाही आणि उगाच जास्त पैसे जातात, म्हणून हे पान.

ग्राफीन म्हणजे कार्बनची एक अणू जाडीची जाळी, मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी; अशी एक जाळी म्हणजे एक लेयर. जाळ्या एकावर एक बसत गेल्या की शेवटी पेन्सिलीतलं ग्रॅफाइट, दोन जाळ्यांमध्ये अंतर साधारण ०.३३५ नॅनोमीटर. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या व्याख्येत ३ ते १० लेयर म्हणजे फ्यू-लेयर. त्याच्या वर गेलेला माल ग्राफीन म्हणून विकू नये असं आमचं मत, पण विकतात! २०१८ मध्ये सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीच्या टीमने जगभरातल्या ६० कंपन्यांचा माल तपासला तर बहुतेकांत खरं ग्राफीन १० टक्क्यांच्याही खाली निघालं, बाकी सगळं बारीक दळलेलं ग्रॅफाइट.

पावडर घेणाऱ्यांनी लेयरचा आकडा नक्की बघावा. एका लेयरचं पृष्ठफळ हिशोबाने ग्रॅमला २६३० चौरस मीटर, १० लेयर चिकटलेले असले की तेच २६३ वर येतं, म्हणजे ज्या रेझिनमध्ये (प्लास्टिकसारख्या राळेत) ती मिसळता त्यात तेवढाच परिणाम हवा तर पावडर जास्त टाकावी लागणार. उष्णतेचंही तसंच, अधांतरी धरलेल्या नमुन्यांवर २ चे ४ लेयर होईपर्यंत वाहकता २८०० वरून १३०० वॅट प्रति मीटर केल्विनपर्यंत उतरलेली मोजलीय, म्हणजे चारालाच ग्रॅफाइटच्या रांगेत. पारदर्शक फिल्मवाल्यांचं उलटं. प्रत्येक लेयर २.३ टक्के उजेड खातो पण रेझिस्टन्सही कमी होतो, त्यामुळे तिथे ३-४ लेयर परवडतात.

आता रचना. दहीहंडीत नुसते थर मोजून भागत नाही, कोण कुणाच्या खांद्यावर कुठे पाय ठेवून उभा आहे त्यावर सगळं असतं, इथेही तेच. वरची जाळी खालच्यापेक्षा थोडी सरकून बसते, त्याला एबी म्हणतात. तिसरी जाळी पुन्हा पहिलीच्या बरोबर वर आली तर एबीए, आणखी पुढे सरकली तर एबीसी. लेयर दोन्हीकडे तीनच, पण उभं इलेक्ट्रिक फील्ड लावलं की एबीसीत बँडगॅप (इलेक्ट्रॉनना ओलांडावी लागणारी ऊर्जेची फट, जिच्यामुळे करंट बंद करता येतो) उघडतो आणि एबीएत उघडत नाही. दोन लेयरच्या एबीतही उघडतो, २५० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत. ट्रान्झिस्टरवर काम करणाऱ्यांना हेच हवं असतं. फक्त एबीसी फार नाजूक, दुसऱ्या पृष्ठभागावर ट्रान्सफर करताना किंवा तापवताना गुपचूप एबीए होऊन बसतं, तेव्हा डिव्हाइस बनवल्यावर परत रामन (लेझरचा उजेड टाकून रचना ओळखायची चाचणी) काढा.

आणि जाळ्या एकमेकींवर वाकड्या कोनात बसल्या तर? मग प्रत्येक लेयर बराचसा सुटा असल्यासारखा वागतो. (१.१ अंशाचा तो प्रसिद्ध कोन, २०१८ मध्ये एमआयटीत ज्यात सुपरकंडक्टिव्हिटी, म्हणजे वीज विनाअडथळा वाहणं, सापडली, तो आम्ही विकत नाही, कृपया विचारू नका. तसंही ते १.७ केल्विनला, म्हणजे प्रचंड थंडीत होतं.) आमची दोन आणि तीन लेयरची शीट तांब्याच्या फॉइलवर वाढवलेले सिंगल लेयर एकावर एक चढवून केलेली असते, कोन कुठलाही येतो. फिल्म, हीटर, सेन्सरसाठी उत्तम, बँडगॅपसाठी बिनकामाची. खात्रीचं एबी हवं असेल तर ग्रॅफाइटवरून टेपने काढलेले तुकडे घ्या, लहान असतात आणि महाग पडतात.

रिपोर्ट वाचताना एक चूक नेहमी होते. रामनच्या आलेखात २७०० प्रति सेंटीमीटरच्या आसपासचा, टूडी नावाचा पीक (उंचवटा) एकच आणि टोकदार दिसला की लोक सिंगल लेयर समजून खूश होतात, पण वाकडे बसलेले अनेक लेयरही तसाच एक पीक देतात. सोबत उजेड किती आरपार जातो तो आकडा मागा, २.३ ने हिशोब लगेच लागतो. एएफएमच्या (बारीक सुई फिरवून उंची मोजणाऱ्या मायक्रोस्कोपच्या) उंचीला सरळ ०.३३५ ने भागू नका, सिलिकॉनवर पहिलाच लेयर कधीकधी १ नॅनोमीटर दाखवतो, खाली पाण्याचा अंश वगैरे अडकलेला असतो.

ऑर्डर देताना लेयरच्या आकड्याऐवजी काम सांगा. कशावर चढवणार, किती तापवणार, फील्ड लावणार का, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलंत तरी चालेल.