पॅरासिटामॉलची गोळी पोटात गेल्यावर

ताप आला किंवा डोकं दुखलं की पॅरासिटामॉल घ्यायची, हे घराघरात माहीत असतं. पण दोन डोसांमध्ये चार ते सहा तास का थांबायचं, हे बहुतेकांना कोणी समजावून सांगितलेलं नसतं. खरं तर या औषधाबाबत सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

गोळी जठरात विरघळते, पण रक्तात मिसळते ती मुख्यतः लहान आतड्यातून. रिकाम्या पोटी घेतली तर अर्ध्या ते एका तासात रक्तातलं तिचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. भरपेट जेवणानंतर घेतली तर जठर सावकाश रिकामं होतं आणि गुण यायला उशीर लागतो. पहिली चूक इथेच होते. अर्ध्या तासात ताप उतरला नाही म्हणून दुसरी गोळी घेतली जाते, आणि मागून दोन्ही रक्तात एकत्र चढतात.

रक्तातून औषध सगळ्या अंगभर जातं, नुसतं दुखऱ्या जागी नाही. ताप उतरतो तो मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमुळे. शरीराचं तापमान किती ठेवायचं हे तो भाग ठरवतो. संसर्ग झाला की तिथे प्रोस्टाग्लँडिन ई२ हे शरीरातच बनणारं रसायन वाढतं आणि तापमान वरच्या पातळीवर धरलं जातं. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, मग घाम सुटतो आणि ताप उतरतो. जंतूंना मात्र त्याने काहीही होत नाही. त्यामुळे काही तासांनी ताप पुन्हा चढला तर औषध कुचकामी ठरलं असं समजू नये, त्याचा अंमल संपलेला असतो एवढंच. सुजेवरही त्याचा फारसा उपयोग नाही. मुरगळलेल्या घोट्याचं दुखणं त्याने कमी होईल, सूज तशीच राहील.

अंमल संपवण्याचं काम यकृत करतं. निरोगी माणसाच्या रक्तातलं औषध दर दोन-तीन तासांनी निम्मं होत जातं. यकृत बहुतेक औषधाला ग्लुकुरोनिक ॲसिड किंवा सल्फेट जोडतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. उरलेल्या पाच ते दहा टक्क्यांपासून नॅपक्वी नावाचं विषारी रसायन बनतं. नेहमीच्या डोसात ते निरुपद्रवी ठरतं, कारण यकृतातलं ग्लुटाथायोन हे संरक्षक रसायन त्याला लगेच निकामी करतं. पण ग्लुटाथायोनचा साठा अमर्याद नाही. डोस फार वाढला की सल्फेटचा मार्ग अपुरा पडतो, नॅपक्वी जास्त बनतं, ग्लुटाथायोन संपत येतं आणि नॅपक्वी यकृताच्या पेशींनाच चिकटून त्या मारू लागतं. रोज दारू पिणाऱ्यांमध्ये आणि कुपोषितांमध्ये हा साठा आधीच कमी असतो, म्हणून त्यांची मर्यादा डॉक्टरांनीच ठरवावी.

निरोगी प्रौढासाठी एका वेळी 500 ते 1000 मिलीग्रॅम आणि 24 तासांत जास्तीत जास्त 4 ग्रॅम ही मर्यादा आहे. 650 च्या सहा गोळ्या म्हणजे 3900 मिलीग्रॅम, तिथेच ती जवळपास संपते. त्यात सर्दीची गोळी दिवसातून तीनदा घेतली आणि तिच्यात 500 मिलीग्रॅम पॅरासिटामॉल असलं, तर बेरीज 5400 वर जाते. स्ट्रिपवर ब्रँडचं नाव ठळक असतं आणि घटक बारीक अक्षरात, म्हणून हे लक्षातच येत नाही. अंगदुखीच्या अनेक मिश्र गोळ्यांतही 325 मिलीग्रॅम पॅरासिटामॉल असतं.

लहान मुलांच्या बाबतीत वयापेक्षा वजन बघायचं: दर किलोला 10 ते 15 मिलीग्रॅम. दहा किलोच्या मुलाला 150 मिलीग्रॅम हवं असेल तर 5 मिलीत 120 असलेलं सिरप साधारण 6 मिली लागतं, 5 मिलीत 250 असलेलं 3 मिली, आणि 1 मिलीत 100 असलेले ड्रॉप्स फक्त दीड मिली. ड्रॉप्सची बाटली सिरप समजून 5 मिली दिली, तर मुलाच्या पोटात एकदम 500 मिलीग्रॅम जातं. बाटली बदलली की माप नव्याने काढावं, आणि स्वयंपाकघरातला चमचा न वापरता बाटलीसोबतचं माप किंवा सिरिंज वापरावी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध न देता डॉक्टरकडेच न्यावं.

जास्त गोळ्या गेल्या तर पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते, कधी तेवढंही होत नाही. माणूस ठीक दिसतो, घरचे निश्चिंत होतात. यकृताला झालेली इजा रक्ततपासणीत बहुधा दुसऱ्या दिवशी दिसू लागते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर्वांत तीव्र होते. कावीळ दिसते तोवर बरंच नुकसान झालेलं असतं. उतारा आहे. ॲसिटिलसिस्टीन हे औषध ग्लुटाथायोनचा साठा पुन्हा भरून काढतं, आणि आठ तासांच्या आत सुरू झालं तर यकृत जवळजवळ नेहमीच वाचतं. उशीर झाला तरी ते दिलं जातं, पण गुण कमी येतो. म्हणून त्रास होण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावं आणि रिकाम्या स्ट्रिप सोबत न्याव्यात. गोळ्या किती वाजता घेतल्या हेही नक्की सांगावं, कारण रक्तातलं प्रमाण पाहून उतारा द्यायचा की नाही हे ठरवण्याचा तक्ता गोळ्या घेतल्यापासून किती तास झाले यावरच चालतो, आणि चार तासांच्या आत घेतलेल्या नमुन्यावरून तो वाचता येत नाही.