पिशवी काढली की अंडाशयंही काढली? एका 'ओ'चा फरक

खान्देशात "ऑपरेशन झालं" म्हणजे कुटुंबनियोजनाचं आणि "मोठं ऑपरेशन झालं" म्हणजे पिशवीचं, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रावेरपासून शहाद्यापर्यंत कुठल्याही गल्लीत पिशवी काढलेल्या दोन-चार जणी सापडतात. पण त्यांना पुढचा प्रश्न विचारून बघा. "ताई, अंडाशयं ठेवली की काढली?" बाई नवऱ्याकडे बघते, नवरा फाइलकडे बघतो आणि मग उत्तर येतं, "बठ्ठं काढी टाकं." सगळंच काढून टाकलं.

हे "बठ्ठं" ऐकलं की माझा जीव अजूनही तुटतो. वीस वर्षं स्त्रीरोगाच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काढली, आता ओळखीपाळखीच्या बायका कागद घेऊन घरी येतात, आणि गोंधळ मात्र तोच आहे. पिशवी काढणं ही एक गोष्ट आहे आणि अंडाशयं काढणं ही दुसरी. दोन्ही एकाच दिवशी, एकाच टेबलावर होऊ शकतात, म्हणून त्या एक होत नाहीत.

पिशवीचं तुम्हाला माहीत आहे. तिथे मूल वाढतं, तिथूनच पाळी येते. ती काढली की दोन्ही थांबतं. फायब्रॉइडच्या गाठी, कशानेच न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणं, कॅन्सर, अशा कारणांसाठी ती काढतात. पोटावर चिरा देऊन, खालच्या वाटेने किंवा दुर्बिणीतून. टाके किती पडणार आणि डाग दिसणार का, यावर घरात तासभर बोलणं होतं. खरं तर या वाटेवरून ठरतं ते एवढंच, की दवाखान्यात एक-दोन दिवस राहायचं की चार-पाच आणि पोट किती दिवस दुखणार. पुढच्या वीस वर्षांशी त्याचा संबंध नाही.

वीस वर्षांशी संबंध आहे तो अंडाशयांचा. पिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं असतात. दर महिन्याला बीज तयार करणं हे त्यांचं एक काम. दुसरं काम इस्ट्रोजेन तयार करण्याचं. त्या इस्ट्रोजेनवर हाडं, रक्तवाहिन्या, झोप, मन आणि योनीमार्गाचा ओलावा अवलंबून असतो. पाळी पिशवीतून येते, पण तिला हुकूम अंडाशयाचा असतो. पिशवी गेली आणि अंडाशयं राहिली, तर ती आपलं काम चालू ठेवतात. अशा बाईला पाळी येत नाही, पण महिन्यातून काही दिवस छाती जड होणं, चिडचिड होणं हे पूर्वीसारखं जाणवू शकतं. तिची रजोनिवृत्ती तिच्या वयाप्रमाणे येते, फार तर थोडी अलीकडे. आपल्याकडे ते वय साधारण ४६-४७ आहे.

दोन्ही अंडाशयं काढली तर रजोनिवृत्ती त्याच आठवड्यात येते. निसर्ग ज्या उताराला चार-पाच वर्षं लावतो, तो उतार इथे कड्यासारखा असतो.

मेच्या मध्यात यावलकडची एक ३८ वर्षांची बाई माझ्याकडे आली. चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालेलं. बाहेर ४४ अंश, घरात कूलर, आणि ती म्हणाली, "ताई, छातीतून वाफ उठते, मानेवर चढते, तोंड पेटतं. मग घामाने ब्लाउज भिजतो आणि लगेच हुडहुडी भरते." सासू म्हणत होती ऊन लागलं. कांद्याचा रस लावून झाला, कैरीचं पन्हं पाजून झालं. मी विचारलं, "थंडीत होत होतं का?" ती थांबली. म्हणाली, "जानेवारीतसुद्धा गोधडी फेकून द्यायची मी." ऊन लागलेल्या माणसाला जानेवारीत, रात्री तीन वाजता वाफा येत नाहीत. ऊन लागलं तर अंग तापलेलंच राहतं. ही वाफ अचानक उठते, काही मिनिटांत ओसरते, घाम सोडते आणि मागे थंडी ठेवून जाते. आमच्या जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात हा फरक ओळखता आला नाही, तर बाई महिनोन्‌महिने पन्हंच पीत राहते.

तिचं डिस्चार्ज कार्ड मी उघडलं. त्यावर लिहिलं होतं, टीएएच विथ बीएसओ.

ही अक्षरं प्रत्येकीने वाचायला शिकावीत, असा माझा आग्रह आहे. टीएएच म्हणजे पोटावरून पूर्ण गर्भाशय काढलं. व्हीएच म्हणजे खालून, टीएलएच म्हणजे दुर्बिणीतून. यातला 'टी' म्हणजे टोटल, आणि इथेच शिकलेली माणसंसुद्धा फसतात. टोटल म्हणजे सगळं, असं वाटतं. प्रत्यक्षात टोटल म्हणजे पिशवी आणि पिशवीचं तोंड. अंडाशयांबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. "टोटल केलं" एवढं ऐकून अंडाशयंही गेली असं धरून बसलेल्या आणि विनाकारण घाबरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. सबटोटल असेल तर पिशवीचं तोंड आत ठेवलेलं असतं, मग त्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची पॅप तपासणी पुढेही करत राहावी लागते.

अंडाशयांचा निकाल पुढच्या अक्षरांत असतो. नुसतं बीएस असेल, तर बीज पिशवीपर्यंत नेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या नळ्या काढल्या आणि अंडाशयं ठेवली. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी व्हावा म्हणून पिशवीबरोबर नळ्या काढण्याची पद्धत आता रूढ झाली आहे, आणि नळ्या गेल्याने रजोनिवृत्ती येत नाही. बीएसओ असेल, तर नळ्यांसोबत दोन्ही अंडाशयंही गेली. तो शेवटचा 'ओ' म्हणजे ओव्हरी. यूएसओ असेल तर एकच बाजू काढली. एक अंडाशय बाकी असेल तरी ते बहुतेकदा पुरेसं इस्ट्रोजेन देत राहतं.

"पाळी तर थांबलीच, मग मेनोपॉज झालाच ना?" हा मला सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न. नाही. पाळी थांबणं आणि इस्ट्रोजेन थांबणं वेगळं आहे. नुसती पिशवी काढलेल्या बाईची पाळी थांबते, इस्ट्रोजेन चालू असतं. अडचण इतकीच, की पुढे खरी रजोनिवृत्ती आली की ती सांगायला पाळी उरलेली नसते. म्हणून अशा बाईने पंचेचाळिशीनंतर झोप, वाफा, कोरडेपणा यांकडे लक्ष ठेवावं. शंका आली तर डॉक्टर रक्ताची तपासणी सांगतात.

मग अंडाशयं काढावीत कधी? अंडाशयातच कॅन्सर किंवा संशयास्पद गाठ असेल, घराण्यात स्तनाचा-अंडाशयाचा कॅन्सर असून बीआरसीए या जनुकाचा दोष सापडला असेल, किंवा एंडोमेट्रिओसिसने, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढून, सगळं चिकटून बसलं असेल, तर काढावीत, आणि तेव्हा मागेपुढे पाहू नये. रजोनिवृत्ती होऊन गेल्यावर हा निर्णय बराच सोपा होतो. पण पस्तिशी-चाळिशीच्या बाईची निरोगी अंडाशयं "पोट उघडलंच आहे तर काढून टाकू, पुढे कटकट नको" म्हणून काढणं मला अजिबात मान्य नाही. अमेरिकेत २९,३८० परिचारिकांचा २४ वर्षं पाठपुरावा झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ साली आले. पिशवीबरोबर अंडाशयंही काढलेल्या बायकांमध्ये अंडाशयाचा आणि स्तनाचा कॅन्सर कमी आढळला, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू जास्त आढळले. कॅन्सरची भीती दाखवताना हा दुसरा आकडा कुणी सांगत नाही.

अंडाशयं गेलेलीच असतील, तर गप्प सोसत बसू नका. पन्नाशीच्या आत असं झालं, तर डॉक्टरशी इस्ट्रोजेनबद्दल स्पष्ट बोला. पिशवी नसल्यामुळे बहुतेकींना नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, जोडीला दुसरं हार्मोन लागत नाही. "त्या गोळ्यांनी कॅन्सर होतो" ही भीती मुख्यतः २००२ साली अमेरिकेत गाजलेल्या अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि गाजलेले निष्कर्ष दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या बायकांचे होते. ३८ वर्षांच्या बाईला तिचं हिरावलेलं इस्ट्रोजेन नैसर्गिक वयापर्यंत परत देणं हा वेगळा हिशेब आहे. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झालेल्या असतील किंवा यकृताचा आजार असेल, तर मात्र डॉक्टर दुसरा मार्ग सुचवतील. कोरडेपणासाठी लावायचं मलम मिळतं. ते मागायला लाजू नका. नवरा-बायकोतल्या कितीतरी भांडणांचं मूळ तिथे असतं, आणि दोघांनाही ते माहीत नसतं. कॅल्शियम, सकाळचं ऊन, चालणं आणि सांगितलं तर हाडांची डेक्सा तपासणी, हे मनावर घ्या, कारण हाडं पहिल्या काही वर्षांतच सगळ्यात वेगाने झिजतात.

तयारीचं थोडक्यात. हिमोग्लोबिन आधी वाढवा. लोहाच्या गोळ्यांना त्यासाठी काही आठवडे लागतात आणि चहासोबत घेतल्या तर त्या अंगी लागत नाहीत. नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा या आदिवासी पट्ट्यात राहणाऱ्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली आहे का ते बघावं आणि कार्ड असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरच्या हातात द्यावं. सिकलसेलच्या रुग्णाला टेबलावर थंडी, पाण्याची कमतरता आणि कमी पडलेला प्राणवायू फार महागात पडतो. मिसरी आणि तंबाखू बंद करा. आणि संमतिपत्रावर अंगठा किंवा सही करण्याआधी एकच वाक्य विचारा, "डॉक्टर, अंडाशयं ठेवणार की काढणार, आणि काढणार असाल तर का?" उत्तर कागदावर लिहून घ्या. नवऱ्याने किंवा दिराने नाही, जिचं शरीर आहे तिने विचारायचं.

पिशवी काढणंच गरजेचं आहे का, हा प्रश्न त्याच्याही आधीचा. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांचं सर्वेक्षण २०१९ साली झालं, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. आमच्याकडूनही टोळ्या गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात, म्हणून हे परक्या जिल्ह्याचं म्हणून सोडून देता येत नाही. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितल्या. पांढरं जाणं किंवा कंबर दुखणं एवढ्यावरून कुणी पिशवी काढायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

ऑपरेशननंतरची जखम अंडाशयं ठेवली काय नि काढली काय, सारखीच भरते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठून चालायचं, म्हणजे पायात गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. सहा आठवडे जड उचलायचं नाही आणि शरीरसंबंध ठेवायचे नाहीत. दुर्बिणीचं झालं म्हणून आठ दिवसांत कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांचा मला राग नाही, त्यांना पाठवणाऱ्यांचा येतो. बाहेर तीन बारीक टाके दिसत असले तरी आतली शिवण तेवढीच मोठी असते. हंडा १५ लिटरचा असेल तर त्यातलं पाणीच १५ किलोंचं असतं. तो सहा आठवडे दुसऱ्या कुणीतरी उचलायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाण्याचा बेत असेल, तर त्याच्या थोडं आधी ऑपरेशन करून तिथेच राहिलेल्या मुली चांगल्या सावरतात, हे मी बघितलं आहे. झोका मात्र त्या वर्षी नाही. तासाभरात पॅड भिजायला लागला, १००.४ च्या वर ताप गेला, घाण वासाचा स्राव आला, पोटरी सुजून दुखली, दम लागला किंवा लघवी नकळत गळायला लागली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

यावलच्या त्या बाईकडे पॅथॉलॉजीचा रिपोर्टही होता, घडी करून कार्डाच्या मागे ठेवलेला, बहुधा कुणीच न वाचलेला. काढलेला अवयव सहसा तपासणीला जातो, त्यामुळे डिस्चार्ज कार्ड हरवलं तरी काय काय काढलं ते या रिपोर्टमध्ये सापडतं. तिच्या रिपोर्टमध्ये पिशवीत फायब्रॉइड होता. दोन्ही अंडाशयांपुढे लिहिलं होतं की विशेष दोष नाही. तिने मला ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरकडे गेलो आणि इस्ट्रोजेन सुरू झालं. पावसाळा लागेपर्यंत तिला रात्रीची सलग झोप लागायला लागली होती.

हे दोन कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून आधार कार्डासोबत ठेवा, कारण कागदावरची शाई कालांतराने पुसट होते. वर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा: अंडाशयं आहेत किंवा अंडाशयं काढली, ऑपरेशनची तारीख आणि त्या दिवशीचं वय.