ॲनिमेशन म्हणजे नेमकं काय? ऑर्डर द्यायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागेत आमचा छोटा ॲनिमेशन स्टुडिओ आहे, आम्ही तिघंच जण, आणि दारातून येणारा जवळजवळ प्रत्येकजण पहिलं वाक्य एकच बोलतो, "ॲनिमेशन करून पाहिजे." आता एकाला लग्नपत्रिकेवर फुलं पडताना पाहिजे असतात, दुसऱ्याला दुकानाचं नाव फिरत यायला पाहिजे, तिसऱ्याला बोलणारं हळकुंड पाहिजे आणि कुणाला पॉवरपॉइंटमधल्या ओळी एकेक करून आल्या तरी चालतंय. मागं एका गिऱ्हाइकाला फक्त लोगो हलवून पाहिजे होता आणि आम्ही आठवडाभर त्यांच्या मालकांचं कार्टून चालवत बसलो, वेळ दोन्हीकडचा गेला. तेव्हापासून ठरवलं की हा शब्द एकदा नीट समजावून सांगायचा.

लॅटिनमध्ये ॲनिमा म्हणजे श्वास, प्राण. त्यावरनं क्रियापद झालं ॲनिमारे, म्हणजे प्राण घालणे, आणि तिथनं इंग्रजीत ॲनिमेशन आलं. म्हणजे मूळ अर्थात चित्र नाही, कार्टून नाही, कॉम्प्युटर तर नाहीच. आपल्याकडं संस्कृतात अन् असा धातू आहे, अर्थ श्वास घेणे, त्याला प्र लागला की प्राण होतो, आणि अपान, व्यान, उदान, समान हे सगळे त्याच घरातले. भाषेचे अभ्यासक लॅटिनचा ॲनिमा आणि आपला अन् एकाच मुळातले मानतात, अनिल म्हणजे वारा तोही त्यातलाच. आणि गंमत बघा, आपण प्राण वरून प्राणी केलं, त्यांनी ॲनिमा वरून ॲनिमल केलं, दोघांनी एकच विचार केला की जो श्वास घेतो तो प्राणी.

गणपतीला मूर्ती घरी आणली की लगेच आरती होत नाही, आधी प्राणप्रतिष्ठा करतात, तुपात बुडवलेली दूर्वा डोळ्यांना लावतात, त्याआधी ती शाडूचीच मूर्ती असते. ॲनिमेशन शब्दाच्या इतकं जवळ जाणारा दुसरा शब्द मराठीत आम्हाला तरी सापडलेला नाही. पुस्तकात सचेतनीकरण लिहितात, अर्थ बरोबर आहे पण गिऱ्हाइकाच्या तोंडात बसत नाही. चलचित्र म्हणावं तर तो कुठलाही सिनेमा झाला, त्यात खरा माणूस कॅमेऱ्यासमोर चालतो, आणि आमच्याकडं जे चालतं ते मुळात कधी चाललेलंच नसतं.

एक काम सांगतो म्हणजे कळेल. बेंदराच्या जाहिरातीसाठी एका पशुखाद्याच्या दुकानाला खिलार बैल पाहिजे होता. आम्ही काढला, शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ, चारी पाय बरोबर टाकत होता आणि तरीपण तो बैल वाटत नव्हता, खाली चाकं लावल्यासारखा सरकत होता. दोन दिवस डोकं लावलं. मग त्याला चालवायचं सोडलं आणि नुसता उभा केला, बरगड्या हळूच फुगवल्या आणि सोडल्या, म्हणजे श्वास घातला. एक कान माशी हाकलल्यासारखा झटकला. नंतर चालवताना पाऊल टेकल्यावर वशिंड दोन फ्रेम (फ्रेम म्हणजे पडद्यावर क्षणभर दिसणारं एक स्थिर चित्र) उशिरा हलेल असं केलं, गळ्याखालची पोळी त्याच्याही मागनं. दुकानदारांचे वडील बघायला आले होते, आयुष्यभर बैल सांभाळलेला माणूस, ते म्हणाले, "आता जित्ता वाटतोय." हलणं वेगळं आणि जित्तं होणं वेगळं, आमचा सगळा धंदा या फरकावर आहे आणि पैसेपण त्याचेच लागतात.

आता वेळ का लागतो ते. सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात म्हणजे सेकंदाला १२ चित्रं लागतात, तरी ३० सेकंदाच्या जाहिरातीला ३६० झाली. आणि ती नुसती काढून भागत नाही, दोन चित्रांत अंतर किती ठेवायचं त्यावर सगळं असतं. वर उडालेला चेंडू सगळीकडं सारख्या अंतरानं काढला तर तो दोरीला बांधून ओढल्यासारखा दिसतो, वरच्या टोकाला चित्रं दाट घेतली आणि खाली येताना विरळ केली की त्याला वजन येतं. कॉम्प्युटर मधली चित्रं भरून देतो हे खरंय, पण दाट कुठं आणि विरळ कुठं हे माणसालाच सांगावं लागतं. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या राजा हरिश्चंद्रच्या आधी कुंडीत वाटाणा पेरून रोज एकेक फ्रेम घेतली होती, महिनाभराची वाढ पडद्यावर डोळ्यासमोर झाली. पुढं त्यांनी आगकाड्या थोड्या थोड्या सरकवून त्याही नाचवल्या, यालाच आज स्टॉप मोशन म्हणतात. त्यांच्याकडं कुठलं सॉफ्टवेअर होतं सांगा.

या शब्दाची भावकी मोठी आहे, पोरांच्या अभ्यासालापण उपयोगी पडेल म्हणून सांगतो. ॲनिमेटेड म्हणजे जिवंत केलेलं, पण कुणी हातवारे करत रंगात येऊन बोलत असेल तर त्यालाही ॲनिमेटेड बोलणं म्हणतात. इनॲनिमेट म्हणजे निर्जीव, दगडधोंडा. युनॅनिमस म्हणजे सगळ्यांचा जीव एक, सोसायटीच्या मीटिंगमधला एकमताचा ठराव. ॲनिमॉसिटी मात्र वैर, जिवावर उठणं. ग्रीकमध्ये याच मुळातला शब्द वाऱ्यासाठी आहे, त्यावरनं वाऱ्याचा वेग मोजायच्या यंत्राला ॲनिमोमीटर म्हणतात, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बघायला जाल तेव्हा आठवा. रशियात एमबीबीएसला गेलेल्या पोरांना विचारा, तिकडं आयसीयूला रिॲनिमेशन म्हणतात, म्हणजे परत प्राण आणायची जागा. सस्पेंडेड ॲनिमेशन म्हणजे जीव आहे पण शरीराची कामं थांबल्यागत मंदावलीत अशी अवस्था. आणि अनिमे हा जपान्यांनी आपल्या सोयीनं तोडलेला ॲनिमेशनच आहे, जपानात कुठलंही कार्टून म्हणजे अनिमे, बाहेर मात्र फक्त जपानी बनावटीच्या कार्टूनला म्हणतात.

आमच्याकडं येताना कुठले शब्द वापरायचे ते बघा. नाव, आकडे, नकाशे, बाण असलं हलवायचं असेल तर मोशन ग्राफिक्स म्हणा, हे लवकर होतं. माणूस, जनावर किंवा बोलणारी वस्तू पाहिजे असेल तर कॅरेक्टर ॲनिमेशन, यात टूडी आणि थ्रीडी दोन्ही येतं, आणि लहान जाहिरातीला टूडी पुरतं असं आमचं स्पष्ट मत आहे. गणेशोत्सवात मंडळाच्या देखाव्यात मोटर लावून मान हलवणारी मूर्ती करतात, त्यातला कॉम्प्युटरवर चालणारा प्रकार म्हणजे ॲनिमॅट्रॉनिक्स, ते काम आम्ही करत नाही. पॉवरपॉइंटमध्ये एक पान जाऊन दुसरं येतं ते ट्रान्झिशन आणि पानावरच्या ओळी येतात ते ॲनिमेशन, एवढ्यासाठी आमच्याकडं यायचीपण गरज नाही, घरातलं कॉलेजचं पोरगं करून देईल.

एक शब्द मात्र लक्षात ठेवाच, ॲनिमॅटिक. तुमचा आवाज रेकॉर्ड झाला की आम्ही कच्ची, न हलणारी चित्रं त्या आवाजावर बसवून पाठवतो, दिसायला साधं असतं पण कोण कधी येणार, किती वेळ थांबणार सगळं त्यात ठरतं. आवाज आधीच द्या कारण ओठ त्याप्रमाणं हलवायचे असतात, नंतर वाक्य बदललं की तोंड परत काढावं लागतं. ॲनिमॅटिक व्हॉट्सॲपवर आलं की घरात, दुकानात, पार्टनरला, सगळ्यांना दाखवा आणि जे खटकेल ते तेव्हाच बिनधास्त सांगा. त्यानंतर बैलाच्या झुलीचा रंग बदलून देऊ, चाल बदलायची म्हटली तर पहिल्यापासनं.