मुदत ठेव मोडली की व्याज बुडतं?
अडीनडीचे पैसे एफडीत नकोत, मोडली की सगळं व्याज बुडतं, हे पुण्यात सदाशिव पेठेपासून हिंजवडीपर्यंत ऐकू येतं. तसं नसतं. ठेव जितके दिवस राहिली, तेवढ्या मुदतीचा दर मिळतो. त्यातून बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात, इतकंच. (करबचतीची ५ वर्षांची ठेव मात्र मोडता येत नाही, ती यात धरूच नका.) सहा महिन्यांच्या घरखर्चाची एकच ठेव करण्यापेक्षा चार-पाच छोट्या कराव्यात, लागेल तेवढीच मोडायची.

धास्ती घ्यायचीच तर सगळी पुंजी एकाच बँकेत ठेवण्याची घ्या. आपल्या पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, २०२२ मध्ये परवाना गेला. बँक बुडाली तर भरपाई देणारा ठेव विमा एका बँकेत ५ लाखांपर्यंतच, तोही व्याज धरून.