जिवाणूचीच लस की जिवाणूच्या पाठीवरून आलेली लस?

टायफॉइडची तोंडाने घ्यायची कॅप्सूल असायची ना, तिच्यात टीवाय२१ए नावाचा जिवंत पण कमजोर केलेला जिवाणू असायचा. १९८१ मध्ये संशोधकांनी हाच जिवाणू घेतला आणि त्याच्यात शिगेलाचे, म्हणजे रक्ताची आव करणाऱ्या जंतूचे, काही जीन्स घातले. जिवाणू तोच, पण काम बदललं. दोन्हीला आपण सरसकट 'कमजोर जिवाणूची लस' म्हणून मोकळे होतो आणि गल्लत होते ती तिथेच.

पहिल्या प्रकारात ज्या रोगापासून वाचायचंय त्याचाच जंतू, किंवा त्याचा चुलतभाऊ, दात काढून आत सोडतात. टीबीची बीसीजी लस घ्या. काल्मेत आणि गेरँ या दोघा फ्रेंच संशोधकांनी गाईगुरांच्या टीबीचा जंतू पित्त घातलेल्या बटाट्यावर १९०८ पासून वाढवत नेला, एका बटाट्यावरून दुसऱ्यावर, असं २३० वेळा, तब्बल १३ वर्षं, आणि शेवटी त्याची रोग करायची ताकद गेली. नेमकं काय गेलं हे त्यांना कळायला मार्गच नव्हता, जीन्सचा एक अख्खा तुकडा गळालाय हे खूप नंतर समजलं.

दुसऱ्या प्रकारात जिवाणू फक्त हमाल. साल्मोनेला, म्हणजे टायफॉइडचा जंतू ज्या घराण्यातला तो जिवाणू, सोडायचा पण टायफॉइडसाठी नाही, त्याच्या अंगावर भलत्याच रोगजंतूचं प्रोटीन चढवायचं आणि शरीराला ते ओळखायला शिकवायचं. कोविडच्या वेळी ॲडेनोव्हायरसवाल्या लशी ऐकल्या होत्या तीच कल्पना, फक्त तिथे हमाल विषाणू होता. साल्मोनेलाच का, तर तो आतड्याच्या अस्तरातल्या खास पेशींमधून थेट तिथे पोचतो जिथे रोगप्रतिकारक पेशी दाटीने बसलेल्या असतात, त्याचं नुसतं बाहेरचं आवरण बघूनच शरीर खडबडून जागं होतं, सुई लागत नाही आणि प्रोटीन वेगळं काढून शुद्ध करायची कटकटही वाचते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो फरक. पहिल्यात जंतू रोग करत नाही आणि ओळख पटवतो एवढं पुरतं, पण हमालाला ओझं घेऊन आत पोचायचंय, थोडं वाढायचंय, प्रोटीन बनवायचंय आणि मगच मरायचंय, म्हणून नुसता अशक्त करून चालत नाही, नेमकी कुठे मेख मारायची ते ठरवावं लागतं. १९८१ मध्येच स्टॅनफर्डच्या हॉइसेथ आणि स्टॉकर यांनी साल्मोनेलाचा एआरओए हा जीन बंद पाडला. तो नसला की जिवाणूला काही गरजेची रसायनं स्वतः बनवता येत नाहीत, आणि ती आपल्या शरीरात आयती मिळत नाहीत, त्यामुळे तो आत शिरतो, थोडा वाढतो आणि उपासमारीने थांबतो.

बरं, ओझंही तो आनंदाने वाहत नाही. परकं प्रोटीन बनवायला ताकद जाते, म्हणून जिवाणू तो जीन असलेलं प्लाझमिड, म्हणजे मूळ डीएनएपासून वेगळं असलेलं डीएनएचं छोटं वेटोळं, संधी मिळेल तेव्हा टाकून देतो. लॅबमध्ये यावर उपाय म्हणून प्लाझमिडवर अँटिबायोटिकला दाद न देणारा जीन ठेवतात, पण माणसाच्या पोटात असा जीन सोडायचा म्हणजे भलतीच जोखीम. रॉय कर्टिस या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या टीमने काढलेली युक्ती मला फार आवडते. पेशीभित्तीसाठी डीएपी नावाचं रसायन लागतं, ते बनवायला लागणारा एएसडी जीन जिवाणूच्या मूळ डीएनएतून काढून टाकला आणि प्लाझमिडवर नेऊन बसवला. शरीरात डीएपी मिळत नाही. मग ओझं टाकलं की भिंतच नीट बनत नाही आणि जिवाणू फुटून मरतो.

इतकं करूनही माणसांसाठी परवाना मिळालेली अशी जिवाणू-वाहक लस अजून नाही. उंदरात झकास चालणारा हमाल माणसात जास्तच अशक्त ठरतो, किंवा शरीराला आधीच ओळखीचा असतो आणि माल उतरवण्याआधीच मारला जातो. वर सांगितलेल्या शिगेलावाल्या टीवाय२१एच्या काही बॅचेसनी स्वयंसेवकांना संरक्षण दिलं, नंतरच्या बॅचेसनी नाही.

आणि मध्येच व्हीपीएम१००२ या टीबीच्या नव्या लशीसारखं काहीतरी येतं. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत बीसीजीमध्ये लिस्टेरिया या दुसऱ्याच जिवाणूचं, पेशीतल्या पडद्याला भोकं पाडणारं प्रोटीन घातलं. ते आम्लात चांगलं चालतं, आणि बीसीजीचा युरिएज एन्झाइम अमोनिया सोडून आम्लपणा कमी करतो, म्हणून युरिएजचा जीनही काढला. परका जीन दिसतोय म्हणून लोक याला वाहक लस समजतात. मी तरी याला पहिल्याच प्रकारात धरतो, कारण इथे लिस्टेरियाशी लढायला कोणी शिकवत नाहीये, ते प्रोटीन बीसीजीचा माल पेशीत नीट बाहेर पडावा यासाठी आहे आणि शरीर शिकतं ते टीबीशीच लढायला.